'सार्वजनिक' म्हणजे सर्वांचं की सर्वांसमोरचं?

सांगलीहून, विश्रामबागेतल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर बाग झाली. बागेत लावायच्या फलकाचा मसुदा शुद्धलेखनासाठी त्यांच्याकडे आला तो असा: 'या उद्यानात सार्वजनिक पुजा-आर्चा, प्रार्थना व धार्मिक कार्यक्रम करण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.' बैठकीत त्यावरून जुंपली. एक काका म्हणाले, सार्वजनिक म्हणजे चारचौघांसमोर केलेली. म्हणजे बाकावर बसून माळ ओढणंही बंद. दुसरे म्हणाले, छे, सार्वजनिक म्हणजे मंडळानं वर्गणी काढून केलेली. एकट्यादुकट्याला कोण विचारतो? एक काकू म्हणाल्या, बाग सार्वजनिक आहे म्हणूनच तर तिथं प्रार्थनेचा हक्क सगळ्यांना आहे, तुम्ही कोण अडवणारे? ताईंचा प्रश्न: यात मराठी कुणाचं बरोबर, आणि शब्दाचा मूळ अर्थ काय?

ताई, मराठी तिघांचंही बरोबर आहे. म्हणून तर बैठक लांबली.

आधी मूळ. 'सर्वजन'ला 'इक' लागतो आणि पहिल्या अक्षराचा स्वर वाढतो. 'समाज'चं 'सामाजिक' किंवा 'वर्ष'चं 'वार्षिक' होतं तसंच. इथवर शाळेतलं व्याकरण. गंमत पुढे आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'तस्मै हितम्' असं सूत्र आहे; 'अमक्याच्या हिताचं' या अर्थानं शब्द कसे बनतात ते तिथं सांगितलंय. त्याच प्रकरणातल्या एका वार्तिकात, म्हणजे सूत्राला पुढे जोडलेल्या पुरवणीवजा टिपेत, 'सर्वजन'पासून होणारी दोन रूपं येतात, 'सार्वजनिक' आणि 'सर्वजनीन'. म्हणजे जुन्या व्याकरणकारांच्या लेखी हा शब्द मालकी सांगत नाही आणि कुणाच्या डोळ्यांदेखत काय चाललंय तेही सांगत नाही. तो हित सांगतो. तुमच्या बैठकीत हा चौथा अर्थ कुणी काढला नाही, नाहीतर चहा दुसऱ्यांदा सांगावा लागला असता.

पण मूळ अर्थावर आजच्या भांडणाचा निकाल लावू नये. मूळ दाखवून समोरच्याला गप्प करायची आपल्याला फार हौस असते. शब्द वापरानं घडतो, आणि हा शब्द मराठीत कसा घडला ते पाहण्यासारखं आहे, कारण त्या कथेत सातारा जिल्हा दोनदा येतो आणि देवधर्म तिन्हीदा येतो.

पुण्यात पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्या खटपटीतून 2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. तिचे कर्ते गणेश वासुदेव जोशी, जन्म 1828 सालचा, साताऱ्याचा. सभेचा सभासद व्हायचं तर निदान पन्नास जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. इथं 'सार्वजनिक' म्हणजे 'पुष्कळांच्या वतीनं बोलणारी'. लोकांनी जोश्यांना पुढे 'सार्वजनिक काका'च करून टाकलं. विशेषणाचं असं माणसाचं नाव झालेलं मला तरी दुसरं आठवत नाही.

पुढचं पाऊल जोतीराव फुल्यांचं. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. 1890 मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापून निघालं. या नावातला 'सार्वजनिक' मंडपातला नाही, रस्त्यावरचाही नाही. जात, बाई-पुरुष असं काही न पाहता प्रत्येकाला सारखा लागू, कुणाच्या मध्यस्थीची गरज नसलेला धर्म, असा तो अर्थ. असा सार्वजनिक धर्म माणूस दार लावून घरात एकटाही पाळू शकतो.

आणि 1893 पासून पुण्यात गणेशोत्सवाला जे रूप आलं, त्यानं या शब्दाचा ताबाच घेतला. घरातला तो घरगुती गणपती आणि पेठेतला, वर्गणीचा, मांडवातला तो सार्वजनिक. आज आमच्याकडे लहान पोराला 'सार्वजनिक' म्हटलं की आधी गणपती दिसतो, नळ आणि वाचनालय नंतर.

तीस वर्षांच्या आत एका शब्दाला तीन पोटं फुटली: सर्वांच्या वतीनं, सर्वांना लागू, घराबाहेर मिळून केलेलं. त्यानंतर सरकारी कागदांनी चौथं जोडलं, 'सार्वजनिक मालमत्ता' या जोडीतलं, म्हणजे जिथं मालक सरकार किंवा पालिका.

शब्दाच्या पोटात काय आहे ते पाहायचं तर मी त्याला विरुद्धार्थी शब्द विचारतो. सार्वजनिक गणपतीच्या उलट घरगुती गणपती. सार्वजनिक जागेच्या उलट खाजगी जागा. सार्वजनिक नळाच्या उलट 'आमचा' नळ. आता 'सार्वजनिक प्रार्थने'च्या उलट काय? तुमचे पहिले काका म्हणतील, मनातल्या मनात केलेली. दुसरे म्हणतील, एकट्यानं केलेली. काकूंना तर शब्द प्रार्थनेला लागलेलाच ऐकू आला नाही, त्यांनी तो बागेला लावला. उलट शब्द तीन निघाले, म्हणजे मूळ शब्द फलकावर चढवायच्या लायकीचा नाही. भाषणात चालेल. जिथं कुणाला अडवायचंय किंवा मोकळं सोडायचंय, तिथं नाही.

पहिल्या काकांच्या मनात जे होतं त्याला आपला घरचा शब्द आहे: चारचौघांत. 'चारचौघांत शोभा करू नकोस' हे ऐकत आपण वाढलो. चार रस्ते मिळतात तो चव्हाटा, पण गोष्ट 'चव्हाट्यावर आली' म्हटलं की अब्रू गेली. मराठीत उघडेपणाला लाज चिकटलेली आहे. म्हणून 'चारचौघांत प्रार्थना' म्हणताना प्रार्थना करणारा काहीतरी दाखवतोय असा वास येतो, तो बिचारा कुणाकडे पाहतही नसला तरी. अरबीतून आलेल्या 'जाहीर'ला तो वास नाही. जाहीर सभा, जाहीर लिलाव, जाहीर नोटीस: इथं लोकांना मुद्दाम कळवलेलं असतं, या म्हटलेलं असतं. आणि 'सामुदायिक'मध्ये पुष्कळांनी मिळून करणं आहे, बोलावणं असो वा नसो. तुकडोजी महाराजांनी ज्या प्रार्थनेचा प्रसार केला तिला 'सामुदायिक प्रार्थना'च म्हणतात, 'सार्वजनिक' म्हणत नाहीत. नेमका शब्द.

साताऱ्यात मी रोज सकाळी ज्या बागेत फिरतो तिथलं सांगतो. अजिंक्यताऱ्यावर ऊन यायच्या आत एक आजी येतात. पायातल्या चपला बाकाखाली सरकवतात, पिशवीतून गोमुखी काढतात आणि डोळे मिटतात. चारचौघांत आहे, जाहीर नाही, सामुदायिक नाही. पलीकडे योगवर्गाच्या वीसेक बायका आसनं झाली की अथर्वशीर्ष म्हणतात. सामुदायिक आहे, जाहीर नाही. तो वर्ग सुटता सुटता हास्यक्लबवाले हात वर करून असे ओरडतात की फाटकावरचं कुत्रं उठून बसतं. त्यांच्याबद्दल अजून कुणी फलक लावलेला नाही. संध्याकाळी फाटकाशी केळ्यांची गाडी असते. गाडीवाला दिवेलागणीला तराजू उलटा ठेवतो, शेजारच्या कणीसवाल्याला 'बघ रे जरा' म्हणतो, कुंपणाच्या आत कोपऱ्यात गोणपाट अंथरतो आणि नमाज पढून पाच-सात मिनिटांत परत येतो. तोवर कणीसवालाच केळी मोजून देतो. तुमच्या मसुद्यातला 'सार्वजनिक' यांतल्या कुणाला लागतो? रखवालदाराच्या मर्जीवर आहे. माझी भीती अशी की तो आजींना लागणार नाही आणि गोणपाटाला लागेल. शब्द ढिला असला की त्याला ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा यांतला फरक लगेच कळतो.

जाता जाता: 'नमाज' फारसी, पण आपल्या 'नमस्'चा सख्खा चुलतभाऊ, वाकणं त्याच्याही पोटात आहे. 'प्रार्थना' म्हणजे मागणं. 'उपासना' म्हणजे जवळ बसणं. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'विश्वास, श्रद्धा व उपासना' यांच्या स्वातंत्र्यात हाच शब्द घेतलाय, आणि सज्जनगडाच्या वाटेवरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. मला तो आवडतो. पूजेला साहित्य लागतं, प्रार्थनेला शब्द लागतात, उपासनेला बसायला जागा मिळाली तरी भागतं. बागेतला बाक आणखी कशासाठी असतो? 'उद्यान' तरी काय, बाहेर पडून फिरणं हाच त्यातला धातू.

मसुद्यातला 'धार्मिक कार्यक्रम' हा 'सार्वजनिक'पेक्षाही निसरडा आहे. हळदीकुंकू धार्मिक की सामाजिक? भोंडला? कॉलनीतल्या मुलांचा नाताळ? आपण शब्दांच्या बाबतीत इतके सढळ आहोत की नाटकाच्या थिएटरला नाट्यमंदिर म्हणतो (सांगलीत भावे नाट्यमंदिरात कुणी चपला काढून शिरत नाही), वॉर्डातल्या सभागृहाला समाजमंदिर म्हणतो, शाळेला विद्यामंदिर. 'कार्य' म्हटलं की लग्नमुंज आणि 'कार्यक्रम' म्हटलं की सत्यनारायणापासून ऑर्केस्ट्रापर्यंत काहीही. अशा भाषेत 'धार्मिक कार्यक्रमास मनाई' लिहिणं म्हणजे दर रविवारी नवी बैठक ओढवून घेणं.

काकूंनी हक्काचाही मुद्दा काढलाय. संविधानाचं पंचविसावं कलम सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, आणि धर्माचं प्रकटीकरण, आचरण, प्रसार यांचंही. 'प्रकटीकरण' शब्द पाहा. प्रकट म्हणजे उघड. श्रद्धा मनातच ठेवा असं कलम म्हणत नाही, तेव्हा काकूंचा मुद्दा फुसका नाही. त्याच कलमात हे सगळं 'सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य' यांच्या अधीन ठेवलंय, तेव्हा दुसऱ्या काकांचाही नाही. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर नको, हे 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत आहेच. सणावारी मोजके दिवस मिळणारी सूट सोडली तर त्यात देव कुठला हे पाहिलेलं नाही. आणि सप्टेंबर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा कुठल्याही नावानं नवं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. याच्या पलीकडचं वकिलाला विचारा.

बांधकामाचं मात्र शब्दवाल्यालाही दिसतं, कारण ते एकेका शब्दानं वाढतं. आपला भाग कृष्णाकाठचा, दत्ताचा. ओपन स्पेसमध्ये आधी कुणीतरी औदुंबर लावतं, त्याला सगळे 'झाड' म्हणतात. माती धुपू नये म्हणून चार विटा, त्याचा होतो 'कट्टा'. कट्ट्यावर एका गुरुवारी 'पादुका'. पावसात भिजतात म्हणून 'पत्रा', चोरी होईल म्हणून 'ग्रिल', आणि घंटा टांगली की वाटसरू पत्ता सांगताना म्हणतो, 'दत्तमंदिराशेजारची बाग'. कुठल्याच पायरीवर कुणी मंदिर बांधायचं ठरवलेलं नसतं. तुमच्या बैठकीला खरी काळजी याचीच असेल, तर फलकावर तेच लिहा. मसुद्यातल्या वाक्यानं आजींचा जप अडेल आणि कट्ट्यावरच्या विटा मात्र अडणार नाहीत, कारण वीट लावणं ही काही 'पूजा' नव्हे.

माझी सूचना: 'सार्वजनिक' आणि 'धार्मिक' दोन्ही विशेषणं काढून टाका आणि क्रियापदांवर या. 'बागेत माईक, स्पीकर लावू नये. मांडव घालायचा असल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी. मूर्ती, फोटो, पादुका, झेंडा किंवा कोणतीही वस्तू कायमची ठेवू नये, बांधकाम करू नये. वाट व खेळाची जागा अडवू नये.' एवढं पुरे. यात जप बसतो, गोणपाट बसतो, अथर्वशीर्ष बसतं. वाढदिवसाचा डीजे बसत नाही, आणि तो तुमच्या मूळ मसुद्यात सहीसलामत सुटत होता!

तरीही जुनाच मसुदा मंजूर झाला तर निदान 'पूजा'तला पू दीर्घ करा आणि 'आर्चा' पुसा. शब्द 'अर्चा' आहे, जोडून 'पूजाअर्चा'. राहता राहिलं खालचं 'आदेशावरून'. कुणाच्या आदेशावरून, हे फलकावर कुठंच नाही. आपल्याकडे त्या जागी लिहायला 'समस्त ग्रामस्थ' असा छान शब्दप्रयोग आहे. कॉलनीत 'समस्त रहिवासी' होईल. पण ते लिहायचं तर काका, दुसरे काका आणि काकू तिघांनाही मसुदा मान्य हवा. म्हणजे आणखी एक बैठक. केळीवाल्यासारखं कुणी तुमच्याही फाटकाशी असेल तर त्यालाही बोलवा, बाग तोही वापरतो.