कयाकमध्ये बसून जड फ्लाय फेकताना ती मागे पाण्याला का लागते? लांब रॉड घ्यावा का?

वाळूवर उभे राहून नीट पडणारी शिशाच्या डोळ्यांची फ्लाय (मासे धरण्यासाठी गळावर केस बांधून केलेले खोटे आमिष) कयाकमध्ये बसल्यावर मागे पाण्याला लागते, एकदा टोपीवरही आदळली, तर यावर उपाय म्हणून नऊऐवजी दहा फुटी रॉड घ्यावा का, असे आपण विचारले आहे. रॉडच्या लांबीकडे मी शेवटी येतो. याच विषयावरून आमच्या घराण्यात गेली काही वर्षे वाद चालू आहे आणि दर चवथीला (गणेशचतुर्थीला) मूळ घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधून झाली की तो नव्याने निघतो. त्यामुळे मी तटस्थपणे लिहीत आहे असे कृपया समजू नये.

माझे मावसभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, अनेक वर्षे तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, होते. परदेशातल्या बंदरांत बोट लागली की ते फ्लाय फेकायला जात, आणि नोकरी सोडून घरी आले तेव्हा चार तुकड्यांचा ९ नंबरचा रॉड (हा नंबर लाईनच्या वजनाचा) घेऊन आले. त्यांनी मला गोव्यातल्या मोरजीच्या वाळूवर शिकवले. हात घड्याळातल्या दहावरून एकवर न्यायचा, तिथे ठाम थांबायचे, लाईन मागे सरळ होईपर्यंत वाट पाहायची आणि मग त्याच रेषेत पुढे फेकायचे. वाळूवर आणि हलक्या फ्लायसाठी हे शिक्षण उत्तमच आहे. कयाकमध्ये बसून शिसे फेकताना मात्र ते घातक ठरते, आणि हेच दादांना आजपर्यंत मान्य नाही.

लाईनचे वजन फ्लायला ओढून नेते, हे आपल्याला ठाऊक आहेच. ९ नंबरच्या लाईनचे पहिले ३० फूट प्रमाणानुसार २४० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रॅम भरतात. १/२४ औंसाच्या डोळ्यांचेच वजन १.२ ग्रॅमच्या आसपास असते; त्यात २/० मापाचा गळ आणि पाणी प्यालेले केस मिळवले की टोकाला बांधलेली वस्तू लाईनचे ऐकेनाशी होते. आपण ठाम थांबलात तर लाईन थांबते, शिसे थांबत नाही. ते तसेच मागे जाऊन लीडरला (लाईन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या बारीक दोऱ्याला) हिसका देते, उसळी खाते आणि पुढच्या फेकीच्या आरंभी, नेमकी लाईन सैल असताना, खाली येते. उभ्या माणसाचा खांदा पाण्यापासून सव्वा मीटरहून वर असल्यामुळे ही घसरण खपून जाते. कयाकमध्ये तोच खांदा जेमतेम पाऊण मीटरवर असतो. शिवाय उभ्याने कमरेचा आणि पायांचा जो पीळ मिळतो तो बसल्यावर जातो, ती उणीव माणूस मनगटाने भरून काढू पाहतो, आणि मनगट जितके मागे कलते तितकी मागची फेक पाण्याकडे वळते. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर एवढेच आहे.

आता माझी हकीकत. २०१९ च्या नोव्हेंबरात शापोरा नदीवर, कामुर्ली आणि शिवोली यांच्यामधल्या खारफुटीपाशी, दोन कयाक घेऊन आम्ही गेलो होतो. सुकती (ओहोटी) लागून तासभर झाला होता. खाजनाच्या (नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या) मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या झडपेची, दारे उघडून आतले पाणी नदीत येत होते, आणि त्याबरोबर वाहत येणाऱ्या कोळंबीसाठी व बारीक मासळीसाठी चोणक (रायगडाकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच) अशा वेळी बाहेर टपून असतो. फ्लाय क्लाउझर मिनो होती. बॉब क्लाउझर या अमेरिकन माणसाने ती १९८७ मध्ये गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी बांधली, पण तिचे खरे राज्य खाऱ्या पाण्यावर झाले; शिशाचे डोळे अशा बाजूला बांधलेले असतात की गळाचे टोक वर राहते आणि मुळांत कमी अडकते. आमची फ्लाय दादांनी स्वतः बांधली होती आणि डोळ्यांना रंग दिलेला नव्हता. रंगाचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे.

दादा पलीकडच्या कयाकमधून ‘मागे थांब, मागे थांब’ असे सांगत होते आणि मी आज्ञाधारकपणे थांबत होतो. चौथ्या की पाचव्या फेकीला डोक्याच्या वर ‘टक्’ असा कोरडा आवाज झाला, दाराच्या कडीवर नखाने टिचकी मारावी तसा. फ्लाय रॉडला लागली होती. मी थांबलो, पण काही झालेले नाही, चालू दे, असे दादा म्हणाले. पुढे वीसेक मिनिटांनी चोणक लागला. मासा साधारण दहा मीटरवर असताना त्याने मुळांकडे धाव घेतली, मी रॉडने जोर दिला, आणि वरून दुसरा तुकडा मधोमध तुटून लाईनवरून घसरत पाण्यात गेला. मासा अर्थातच गेला. तुकडा मात्र लाईनला अडकून परत आला आणि तुटलेल्या कडेपासून अर्ध्या बोटावर मला शिशाचा करडा ओरखडा दिसला, पेन्सिलीने ओढावा तसा. कार्बनच्या रॉडवर शिसे आपटले की वरचे तंतू दुखावतात, बाहेरून काही कळत नाही, आणि खरा ताण आला की रॉड तिथेच तुटतो. दादांचे म्हणणे असे की मी मासा ओढताना रॉड नको तितका उभा धरला. ओरखडा त्यांना दाखवला तेव्हा तो रॉड गाडीच्या डिकीत ठेवताना उठला असेल, असे ते म्हणाले.

त्यानंतर मी फेक बदलली, आणि ती कुठल्या चित्रफितीतून शिकलो नाही. तिथेच पाण्यात उभा राहून एक मनुष्य पाग (हाताने फेकायचे गोल जाळे) मारत होता. पागाच्या घेराला शिशाचे मणी असतात आणि तो ते शिसे कुठेही अडवत नव्हता. अंग वळवत वळवत एकाच गतीने ते सोडून देत होता. फ्लायसाठी हीच फेक आहे, तिला बेल्जियन कास्ट म्हणतात. रॉड उजवीकडे साधारण पंचेचाळीस अंशांत कलता ठेवून मागे आणि किंचित वर न्यावा, मागे ठाम थांबू नये, तसाच वळण घेत डोक्यावरून पुढे आणावा आणि पुढे नेम पाण्यावर न धरता समोरच्या झाडाच्या शेंड्यावर धरावा. लाईन लांबट गोल काढते, कधीच सैल पडत नाही, आणि शिसे रॉडपासून दूर राहते. रॉड पूर्ण आडवा करू नये. बसल्यावर पाणी फार जवळ असते.

याच्या आधीचे काम अधिक महत्त्वाचे आहे. बुडालेली जड फ्लाय पाण्यातून सरळ उपटू नये. लाईन ओढत आणून सुमारे नऊ मीटर बाहेर राहू द्यावी, साधी रोल कास्ट (लाईन मागे न उडवता पुढेच उलगडत टाकणे) करून फ्लाय पाण्याच्या पृष्ठावर आणावी आणि ती पडता पडताच मागची फेक घ्यावी. मागची फेक एकच असावी. हवेत तीन-चारदा लाईन नाचवणे वाळूवर शोभते. कयाकमध्ये प्रत्येक जादा फेक म्हणजे रॉडला, कानाला किंवा टोपीला दिलेली जादा संधी आहे. लीडर दीड ते दोन मीटरच ठेवावा, आणि लाईन अशी घ्यावी की जिचे वजन पुढच्या आखूड भागात एकवटलेले आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्याने कयाकचे नाक सावजाच्या थोडे उजवीकडे ठेवावे, म्हणजे मागची फेक आपल्या डोक्यावरून न जाता उजव्या खांद्याबाहेरून जाते. ओढलेली लाईन पायांत गुंतते म्हणून मांडीवर ओला पंचा पसरून त्यावर वेटोळी ठेवतो. पंधरा मीटर अंतर पुरते. खारफुटीत चोणक आपल्यापासून तेवढ्यावरच असतो; तीस मीटर फेकण्याचा हट्ट वाळूवरच्या लोकांचा आहे, आणि तो कोणाचा हे सांगायला नको.

काही सूचना आधीच द्यायला हव्या होत्या. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, चष्मा आणि टोपी घालावी. वारा उजवीकडून येत असेल तर ही फेक करू नये, कयाक फिरवून घ्यावी. लाइफ जॅकेट जाड असले तर हात अडतो, तरी ते काढू नये. मानशीच्या अगदी तोंडाशी जाऊ नये, कारण तिथल्या मासळीचा हक्क लिलावात कोणीतरी घेतलेला असतो. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे पाय पाण्यात सोडून बसणारे पाहुणे मी पाहिले आहेत.

राहिली रॉडची लांबी. दहा फुटी रॉडने मागची फेक थोडी उंच राहते हे खरे, पण बसल्या जागेवरून तो मनगटाला जड पडतो आणि मासा कयाकपाशी आला की लीडर हाताच्या टप्प्यात येत नाही. मग माणूस रॉड उभा करून मागे वाकवतो आणि तो टोकाशी तुटतो. नऊ फुटीच राहू द्या. रॉड उभा धरल्याने तुटतो हे दादांचे म्हणणे सर्वसाधारणपणे बरोबर आहे, आणि त्या दिवशी माझा रॉडही कदाचित थोडा जास्त उभा असेल. पण तशा वेळी तुकडा टोकाकडे तुटतो, आणि आमचा वरून दुसरा तुकडा मधोमध, नेमका करड्या ओरखड्यापाशी तुटला. तो मी कपाटात ठेवला आहे. दादांनी हे वाचले तर त्यांनी यंदा चवथीला येताना भिंग घेऊन यावे.