बँक्वेट, बँक आणि शाळेतला बाक

प्रश्न नागपूरच्याच एका वाचकाचा आहे: "लग्नाच्या पत्रिकेवर स्थळ म्हणून 'बँक्वेट हॉल' छापलंय. या बँक्वेटचा पैशाच्या बँकेशी काही संबंध आहे का बाप्पा, की हॉलचं भाडं ऐकून मलाच तसं वाटलं?"

संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. दोघांचं मूळ एकच: बसायचा बाक. इटालियनमध्ये 'बांको' म्हणजे बाक. मध्ययुगात तिथले सराफ बाक मांडून नाणी बदलून देत, त्यावरून बँक आली. दिवाळखोराला 'बँकरप्ट' म्हणतात, त्यातही 'बांका रोत्ता', म्हणजे मोडका बाक, दडलाय. आणि 'बांको'चं छोटं रूप 'बांकेत्तो', लहानसा बाक. हाच शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत 'बँक्वेट' म्हणून रुळला. इंग्रजीतला 'बेंच' याच कुळातला, आणि आपल्या शाळेतला बाक पोर्तुगीजांकडून आलेला, तोही याच घरचा.

अर्थाचा प्रवास मला व्युत्पत्तीपेक्षा गमतीचा वाटतो. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बँक्वेट म्हणजे पूर्ण जेवण असेलच असं नाही. मुख्य जेवण आटोपलं की बडी मंडळी वेगळ्या दालनात, कधी बागेतल्या किंवा गच्चीवरच्या छोट्या बंगलीत जात आणि तिथे साखरेत पाकवलेली फळं, बदामाची मिठाई, मसालेदार वाइन असा गोड मामला चाले. त्यालाही बँक्वेटच म्हणत. थोडक्यात, वडाभात-पाटवडीचं जेवण झाल्यावर गच्चीवर जाऊन संत्रा बर्फी खावी, तसं. शाही थाटाचं जेवण हा अर्थही तेव्हा होताच, पुढे तोच तेवढा उरला.

याच्या शेजारचा 'फीस्ट' मात्र देवाधर्माचा. लॅटिन 'फेस्टा' म्हणजे सण. फेस्टिव्हल त्याचाच भाऊ. चर्चमध्ये आजही संताच्या दिवसाला फीस्ट म्हणतात: नागपूरचं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे त्या सेंट फ्रान्सिस द सेल्स यांची फीस्ट 24 जानेवारीला असते. सणाला जेवण आलंच, म्हणून शब्द ताटापर्यंत पोचला.

आपली पंगतही बसण्यावरूनच आली, संस्कृत 'पंक्ति' म्हणजे रांग. मेजवानी फारसी, 'मेझबान' म्हणजे पाहुणचार करणारा. आणि ज्या 'बुफे'ने पंगत उठवली, तो शब्द फ्रेंचमध्ये भांडी मांडायच्या कपाटाचा.

राहिला उच्चार. आपल्याकडे 'बँकेट हॉल' म्हणणाऱ्याला हसतात. फ्रेंच उच्चारात 'व' नाहीच, तेव्हा हसायचं कारण नाही. पत्रिकेवर मात्र इंग्रजी वळणाचं 'बँक्वेट'च छापा, नाहीतर पाहुणे खरंच बँक शोधत फिरतील.