जुन्या घरातलं शिसं किती टिकतं आणि ते सुरक्षित आहे का?

तुमच्या नारायण पेठेतल्या घरात बिडाच्या ड्रेनेज पाइपांचे जॉइंट शिशाचे आहेत, ते टिकतील का, असं विचारलंय. टिकतील. शिशावर राखाडी थर धरतो आणि मग आतलं तसंच राहतं, लोखंडासारखं गंजून फुगत नाही. सिंधुदुर्गाच्या पायाचे चिरे महाराजांनी शिसं ओतूनच बसवलेत.

पण टिकतं म्हणजे घरात चालतं असं नाही, आणि हेच मी दादाला सहा वर्षं सांगतोय. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात दिवाळीआधी रंगकाम काढलं, खिडकीच्या गजांवर आणि दारांवर आजोबांच्या काळापासूनचे ऑइल पेंटचे थर, पेंटरने सरळ मशीन लावून कोरडंच घासलं आणि सगळ्या घरभर पावडर. माझी मुलगी दीड वर्षाची, रांगायची, हात तोंडात. महिन्याभरात जेवण सोडलं, पोट साफ होईना, नुसती किरकिर, आम्ही जंताचं औषध देत बसलो. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, घरात रंगकाम झालंय का? रक्तात शिसं दर डेसिलिटरला १९ मायक्रोग्रॅम निघालं. मुलांसाठी सुरक्षित असा आकडाच नाही असं डब्ल्यूएचओ म्हणतं. तीन महिने तिला आजोळी ठेवली, आकडा हळूहळू उतरला, पण शिसं हाडात जाऊन बसतं आणि तेवढ्या दिवसांत मेंदूवर काय झालं ते कोण सांगणार?

दादाचं एकच, "आपण याच गजांना लोंबकळत मोठे झालो, आपल्याला काय झालं?" अरे, आपण गज धरले होते, पावडर नव्हती खाल्ली! शिवाय लहान मुलांच्या पोटात शिसं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं.

म्हणून तुम्ही पाइपांपेक्षा रंगाकडे बघा. घरातल्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत हवं हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीचे थर असतील तर ओलं करूनच खरवडा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नको, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा.

हो, सगळ्याच जुन्या रंगात शिसं असतं असं नाही, आधी तुकडा लॅबला द्या. आणि ड्रेनेजचे जॉइंट गळत नसतील तर हात लावू नका, पिण्याच्या लाइनला शिसं असेल तर मात्र बदलाच, पाणी उकळून ते जात नाही.

दादा आता कोथरूडच्या फ्लॅटचं रंगकाम काढतोय, त्याच पेंटरला बोलावलंय आणि वहिनी म्हणाली नात तिथेच राहणार आहे. हे उत्तर त्यालाही पाठवतोय.