अस्सल बाटिक कसं ओळखावं?

प्रश्न : बालीहून पुढे जावातल्या योग्यकर्त्याला जातोय. आईसाठी बाटिक घ्यायचंय. छापील माल गळ्यात पडू नये म्हणून काय पाहू? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : कापड आधी उलटं करा, येवल्याची पैठणी घेताना करतो तसंच. मेण लावून रंगवलेल्या बाटिकचा रंग दोन्हीकडे मुरतो. छापील कापड बहुधा मागून फिकं दिसतं. योग्यकर्त्यात मी एका मावशींशेजारी तासभर बसले. ‘चांतिंग’ म्हणजे मेणाच्या लेखणीच्या तांब्याच्या तोटीवर फुंकर घालत त्या गरम मेणाची रेघ ओढत होत्या, वीतभर नक्षीसुद्धा पुरी झाली नाही. म्हणूनच हाताचं ‘तुलिस’ महाग. तांब्याच्या ठशाचं ‘चाप’ स्वस्त, पण तेही अस्सलच. आईंना मात्र तुलिसच आणा, लहानसं का होईना. आणि धुवा रिठ्याने. जावातही रिठ्याच्याच जातीचं ‘लेराक’ वापरतात.