पडद्यामागे जाऊन शी करतो!

प्रश्न: ताई, मुलगा अडीच वर्षांचा आहे, आम्ही मुलुंडला राहतो. पॉटीवर बसवलं की अंगाची कमान करून रडतो आणि डायपर घातला रे घातला की हॉलच्या पडद्यामागे जाऊन गुपचूप शी करतो. सासूबाई म्हणतात आमची पोरं वर्षाची असताना सांगायची. जूनमध्ये प्लेस्कूल आहे, काय करू?

उत्तर: अगं, पडद्यामागे जातो म्हणजे आपल्याला शी येतेय हे त्याला कळतंय, अर्धं काम झालंच की! सासूबाईंच्या वेळी डायपर नव्हते, ओल्या लंगोटाने पोरं लवकर सांगायची (आणि धुवायचं कोणाला होतं ते विचारू नकोस). बहुतेक मुलं 18 महिने ते 3 वर्षं या काळात तयार होतात, त्यामुळे उशीर वगैरे काही नाही. आता दोन-तीन आठवडे पॉटीचं नावच काढू नको, मग ती पडद्यामागेच ठेव, आधी डायपर घालूनच बसू दे. जेवणानंतर आतडी हलतात, तेव्हा पाचेक मिनिटं बसव, पण पाय लोंबकळता कामा नयेत, टेकायला पाट दे, अधांतरी पायांनी जोर लागत नाही. शी कडक होते का बघ, कारण एकदा दुखलं की मुलं धरून ठेवतात, मग ती अजून कडक होते आणि अजून दुखतं, तसं असेल तर आधी डॉक्टरांना दाखव. चड्डीत झाली तर ओरडू नको. आणि प्लेस्कूलवाल्यांना आत्ताच सांगून ठेव, दोन जादा चड्ड्या बॅगेत टाक.