टायर आधी ठरवा, रिम नंतर

या वेळचे बहुतेक प्रश्न रिमच्या इंचांपासून सुरू होतात. माझी उत्तरं टायरपासून सुरू होतील, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : माझी २०१९ ची स्विफ्ट आहे, १६५/८० आर १४ टायरवाली. गगनबावड्याच्या घाटात वळणावर फार झुलते. दुकानदार १७ इंची अलॉय आणि २०५/४५ टायर सुचवतोय. म्हणतो, चाकाची उंची तेवढीच राहते, काही बिघडत नाही. टाकू का सर? (कोल्हापूर)

उत्तर : उंचीचं दुकानदार खरं सांगतोय. १६५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ८० हे तिच्या तुलनेत भिंतीच्या उंचीचे टक्के आणि १४ हे रिमचे इंच. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, ही टायरच्या भिंतीची म्हणजे साइडवॉलची उंची. ती वर-खाली दोनदा धरा आणि १४ इंचांचे ३५५.६ मिळवा : साधारण ६२० मिमी. २०५/४५ आर १७ चा असाच हिशेब ६१६ वर येतो. स्पीडोमीटरला हा फरक जाणवणारही नाही. पण साइडवॉल १३२ वरून ९२ वर आली, हे त्याने सांगितलं नाही. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आपटलं की हेच ४० मिमी रिम वाचवतात. ते नसले की टायरला फुगा येतो नाहीतर रिम वाकते.

आता झुलण्याचं. त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. गाडीची बॉडी एका अंगावर कलते, तो स्प्रिंग, शॉकअप आणि अँटी-रोल बारचा (गाडीचं कलणं रोखणाऱ्या सळईचा) मामला. टायर बदलून तो सुटत नाही. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर थांबून मग वळते, तो मात्र उंच आणि मऊ साइडवॉलचा दोष. त्यावर उपाय कंपनीनेच देऊन ठेवलाय : याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतात, उंची ६२१ च्या आसपास, साइडवॉल १२०. आणखी एक पायरी जायचं असेल तर ६ किंवा साडेसहा इंच रुंद रिमवर १९५/५५ आर १६ : उंची ६२१, साइडवॉल १०७. घाट आणि खड्डे दोन्ही नशिबी असलेल्या माणसाने याच्या पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि रिमवर वाचलेले पैसे चांगल्या कंपाउंडच्या म्हणजे रबराच्या मिश्रणाच्या टायरवर घाला. स्वस्त रबराचा २०५ चांगल्या रबराच्या १८५ पुढे वळणावर टिकत नाही.

रुंदीबद्दल एक समज पक्का बसलाय की रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर. हवा तेवढीच ठेवली तर टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, आकार बदलतो : लांबट होता तो आखूड आणि रुंद होतो. वळणावर त्याचा फायदा होतो. साचलेल्या पाण्यावर तोटा, कारण रुंद टायर लवकर तरंगतो. एक्स्प्रेसवेवर जुलैत जाणाऱ्यांनी नक्षी ३ मिमीवर आली की टायर बदलावा. कायद्याची १.६ मिमीची मर्यादा भर पावसात कामाची नाही.

तरीही १७ च घ्यायचे ठरले, तर आकारापुढचा आकडा वाचा, तो एका टायरला किती भार पेलतो ते सांगतो. जुन्या टायरवर ८५ असेल तर तो ५१५ किलो पेलतो. २०५/४५ आर १७ हा ८४ मध्येही मिळतो (५०० किलो) आणि जादा ताकदीच्या ८८ मध्येही (५६० किलो). ८८ मागून घ्या.

प्रश्न : मूळ रिम ६ इंच रुंद, ईटी (ऑफसेट) ४५. मित्र ७ इंची, ईटी ३५ विकतोय. नटांचा पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळतो. बसेल ना? (नाशिक)

उत्तर : बसेल, पण बाहेर येईल. रुंदी एक इंच वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. तो १० ने कमी झाला म्हणजे अख्खं चाक १० मिमी बाहेर. बाहेरची कड २२.७ मिमी पुढे येते, आतली जेमतेम २.७ मिमी आत सरकते. मागे तीन माणसं बसली की फेंडर घासायला लागेल. शिवाय पुढची चाकं एवढी बाहेर आली की ब्रेक मारताना स्टिअरिंग हाताला ओढ देतं आणि बेअरिंगवर ताण वाढतो. मधल्या भोकाचा व्यासही तपासा. मोठा असेल तर हब रिंग (मधली फट भरणारी कडी) लावल्याशिवाय ८० च्या पुढे थरथर जाणार नाही.

प्रश्न : पोलो १.० टीएसआय, रिमॅप केलेली (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली). आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीला उतरायचं आहे. पहिल्या दोन गिअरमध्ये नुसती चाकं फिरतात. सध्या १८५/६० आर १५ आहेत. १७ इंचांवर २१५ चे टाकले तर टायमिंग सुधारेल? (पुणे)

उत्तर : १५ वरच राहा. जगातल्या सगळ्यात ताकदवान ड्रॅग गाड्या, टॉप फ्युएलवाल्या, दहा हजारांहून जास्त अश्वशक्ती रस्त्यावर उतरवतात, त्या १६ इंची रिमवरून. टायर ३६ इंच उंच, साडेसतरा इंच रुंद, हवा अगदी कमी. सुटताना ती साइडवॉल चुरगळते, झटका गिळते आणि टायर जमीन सोडत नाही. फॉर्म्युला वनसुद्धा २०२१ पर्यंत १३ इंचांवरच धावत होतं. पातळ साइडवॉलचा मोठा अलॉय ड्रॅगमध्ये फोटोपुरता बरा.

मग उंची किती? लहान चाकाने जमिनीवरचा जोर वाढतो. तुमचा टायर आता ६०३ मिमी आहे. २०५/५० आर १५ लावला तर ५८६ होईल, म्हणजे जवळजवळ ३ टक्के जादा जोर. पण तुमची गाडी जोराअभावी अडलेली नाही, पकडीअभावी अडली आहे. चाक फिरत असताना आणखी जोर देऊन काय मिळणार? तुम्ही १९५/६० आर १५ (६१५ मिमी) बघा, त्यातही पकडीचं, मऊ रबर. लहान चाकाची युक्ती त्यांनी करावी ज्यांचा टायर सुटताना पकड सोडतच नाही; आणि त्यांनीही ४०२ मीटरची रेषा येण्याआधी एक जादा गिअर टाकावा लागत नाही ना, हे आधी पाहावं. त्या एका शिफ्टमध्ये सगळी कमाई जाते.

तुमची गाडी पुढच्या चाकांवर ओढते. सुटताना वजन मागे जातं, पुढचं हलकं होतं, म्हणून सगळी मेहनत पुढच्या जोडीवर घ्या. पुढे ३२ ची हवा असेल तर प्रत्येक रनला २-२ ने उतरवत वेळ लिहून ठेवा. सुधारणा थांबली की तिथेच थांबा. मागच्या चाकांत साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत हवा वाढवा, रोलिंग कमी होतं. टायर पुसून, जरासा फिरवून लाइनला या. रस्त्याच्या रेडियलवर धूर निघेपर्यंत बर्नआउट केला, म्हणजे चाकं जागीच फिरवली, तर रबर चिकट होण्याऐवजी घसरडं होतं. आणि परत निघताना घाट उतरण्याआधी हवा भरा.

प्रश्न : माझ्या आय२०ला पुढे १८५, मागे २१५ लावले तर स्पोर्ट्‌स कारसारखी पकड येईल का? (सोलापूर)

उत्तर : मागच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत येईल. तुमच्या आय२०त पुढचं आधीच वळणावर बाहेर सरकतं. मागची पकड वाढवली की आणखी सरकेल. चारही सारखे ठेवा.

प्रश्न : ट्रॅकवर जाणं परवडत नाही. रात्री बायपास रिकामा असतो, तिथे टेस्ट केली तर? (ठाणे)

उत्तर : करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. रिकामा बायपास कुत्रं किंवा विनालाइटचा ट्रॅक्टर येईपर्यंतच रिकामा असतो.

प्रश्न : एकाच मापाचे दोन अलॉय, एक आठ हजारांचा, एक अठरा हजारांचा. फरक फक्त नावाचा का? (पणजी)

उत्तर : दोन्ही काट्यावर ठेवा. एका चाकात तीन किलोचा फरक निघाला तर चार चाकांत बारा झाले. फिरतं वजन असल्याने वेग घेताना ते वीसेक किलोंसारखं वागतं, आणि खड्ड्यावरून चाक परत जमिनीला टेकवायचं जास्तीचं काम शॉकअपला पडतं ते वेगळंच. महागडा हलका निघाला तर पैसे वसूल. वजन सारखंच भरलं तर आठ हजारवाला घेण्याआधी आतल्या बाजूला कमाल भार आणि रुंदी कोरलेली आहे का पाहा. ती नसेल तर कंपनीची मूळ रिम काढू नका.