अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची राजधानी बॉयसी कशी आहे? दोन दिवस मिळाले तर काय पाहावं?

दोन दिवस असतील तर बहुतेक वेळ नदीकाठीच घालवा. बॉयसी समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर उंचीवर आहे. उत्तरेला उघड्याबोडक्या टेकड्या आणि मधून वाहणारी बॉयसी नदी, तिच्या दोन्ही काठांवर मात्र गर्द झाडी. कोरड्या माळरानातून येणाऱ्याला ही हिरवाई किती सुखावत असेल! शहराचं नावही फ्रेंचमधल्या ‘झाडीचा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलं आहे.

१८६२ मध्ये जवळच्या डोंगरात सोनं सापडलं, १८६३ मध्ये लष्कराचा किल्ला उभा राहिला आणि त्याच्या शेजारी गाव वसलं. राजधानी आधी लुइस्टनला होती, ती लवकरच इथे आली. आयडाहोला राज्याचा दर्जा मिळाला तो १८९० मध्ये.

नदीलगतचा ‘ग्रीनबेल्ट’ हा सुमारे ४० किलोमीटरचा पायी आणि सायकलने फिरायचा मार्ग अनेक बागांना जोडतो. त्यातली ज्युलिया डेव्हिस पार्क माझ्या मते आधी पाहावी. थॉमस डेव्हिस यांनी ही जमीन १९०७ मध्ये पत्नीच्या स्मरणार्थ शहराला दिली. प्राणिसंग्रहालय आणि कलासंग्रहालय तिथेच आहे. उन्हाळ्यात लोक बार्बर पार्कपासून अ‍ॅन मॉरिसन पार्कपर्यंत हवेच्या ट्यूबवर बसून नदीतून तरंगत येतात.

विधानभवनही चुकवू नका. थंडीत ही इमारत जमिनीखालच्या गरम पाण्यावर तापते. संध्याकाळी टेबल रॉकवर चढा, तिथून सगळं खोरं दिसतं. पाणी मात्र सोबत न्या, वाटेत सावली जवळपास नाहीच.